‘आलोच!’ म्हणजे नक्की कधी?

सगळा ग्रुप कट्ट्यावर जमलाय, एकाचाच पत्ता नाही. फोन केला की उत्तर येतं, ‘आलोच!’ खरं तर स्वारी अजून घरातून निघालेलीही नसते. मग हा भूतकाळ कसा?

याचं उत्तर एका जुन्या शब्दात आहे : आख्यात. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात ही नावं घोकली असतील. ती वाटतात तेवढी अवघड नाहीत. ‘ख्या’ म्हणजे सांगणं. व्याख्या, आख्यायिका, विख्यात हे सगळे त्याच घरातले. आख्यात म्हणजे सांगितलेलं. यास्कांनी ‘निरुक्ता’त शब्दांचे चार गट केले : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. त्यातलं आख्यात म्हणजे क्रियापद. ‘बसून’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघतो. ‘बसला’ म्हटलं की सांगणं पूर्ण होतं.

मराठी व्याकरणात या रूपांना प्रत्ययावरून नावं मिळाली. ‘बसतो’मध्ये त, म्हणून ताख्यात. ‘बसला’मध्ये ल, म्हणून लाख्यात. ‘बसावे’मध्ये व, म्हणून वाख्यात. ‘बसेल’ हे ईलाख्यात, ‘येईल’सारखंच.

गंमत अशी, की ही नावं रूप सांगतात, काळ सांगत नाहीत. काळ संदर्भावरून कळतो. ‘आलोच’ हे लाख्यात, पण येणं अजून व्हायचंय. ‘सांभाळ, पडलास!’ म्हणतो तेव्हाही कुणी पडलेलं नसतं. ‘उद्या भेटतो’ हे ताख्यात, पण भेट उद्याची. इंग्रजी टेन्सचा तक्ता डोक्यात ठेवून पाहिलं तर ही वाक्यं चुकीची वाटतील. ती चुकीची नाहीत. बोलणाऱ्याला गोष्ट किती जवळची वाटते, तेही क्रियापदाचं रूप सांगून जातं.

याचा उपयोग परीक्षेपुरताच नाही. कॉलेजच्या नोटिशीत ‘विद्यार्थ्यांनी ओळखपत्र सोबत आणावे’ असं असतं, मित्राला मात्र आपण ‘कार्ड आण’ म्हणतो. प्राचार्यांना अर्ज करताना ‘मुदत वाढवून द्या’ लिहिलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. ‘मुदत वाढवून द्यावी, ही विनंती’ लिहा. मागणी तीच राहते, फक्त त्या एका ‘व’मुळे वाचणाऱ्याला मान मिळतो.