वाढते वजन : खात्यापित्या घरची खूण की आजाराची सुरुवात?



"पोरगं कसं खात्यापित्या घरचं दिसतंय!" असं आपण कौतुकानं म्हणतो. पण गुटगुटीत असणं वेगळं आणि लठ्ठ असणं वेगळं.

वजन जास्त आहे हे कसं ओळखायचं?
किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागा. समजा, वजन ७० किलो आणि उंची १.६ मीटर आहे.
१.६ × १.६ = २.५६
७० ÷ २.५६ = २७.३
हा झाला बीएमआय. भारतीय प्रौढांमध्ये २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. मुलांसाठी मात्र वयानुसार वेगळे तक्ते असतात, ते डॉक्टरांकडून समजून घ्या.

फक्त वजनकाट्यावर विसंबू नका
पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. म्हणजे आपण बारीक दिसलो तरी आत चरबी असू शकते. म्हणून कंबरही मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

धोके कोणते?
१) पोटातली चरबी इन्सुलिनचं काम अडवते, त्यातून मधुमेह होतो.
२) रक्तदाब वाढतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.
३) यकृतात चरबी साठते.
४) गुडघे लवकर झिजतात.
५) झोपेत घोरणं, श्वास अडकणं. मग दिवसा पेंग येते, अभ्यासात लक्ष लागत नाही.

मानेवरचा 'मळ'
माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई रोज त्याची मान घासायची, तरी काळेपणा जाईना. मलाही तो मळच वाटला होता. डॉक्टरांनी सांगितलं, हा मळ नाही, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण आहे. जाड मुलाच्या मानेवर, काखेत असा काळा, जाडसर पट्टा दिसला तर घासत बसू नका, दाखवून घ्या.

काय करायचं?
डब्यात वेफर्सऐवजी भाजी-भाकरी, उसळ, फळं द्या. थंड पेयं बंद करा. मुलांना रोज एक तास मैदानावर खेळू द्या. आणि हो, "जाड्या", "ढोल्या" म्हणू नका. चिडवल्यानं वजन घटत नाही, उलट मूल मैदानावर यायचंच बंद होतं.

आजच घरातल्या सगळ्यांची कंबर मोजा. टेप तर घरात असेलच!