चमकणारी चाके : कुठे घ्यावीत, कुठे नकोत



गेल्या हंगामात गट ऑफिसात आलेल्या एका सभासदांनी मला विचारले, "साहेब, पोराच्या गाडीला अलॉयची चाकं हायती. ट्रॉलीलाबी तसलीच बसवली तर डिझेल वाचंल का?" बोलता बोलता असेही कळले की, त्या गाडीचे एक चाक पाणंदीतल्या दगडावर आपटून चिरले होते आणि वेल्डिंग मारून तेच परत बसवले होते. हे ऐकून मला काळजी वाटली. आज मोटरसायकल नाही असे घर विरळाच, म्हणून या चाकांची माहिती सर्वांसाठीच देत आहे.

धातू कोठून येतो?

ॲल्युमिनियम बॉक्साईटच्या मातीपासून मिळते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही बॉक्साईटचे साठे आहेत. साधारण 4 टन बॉक्साईटपासून 2 टन ॲल्युमिना आणि त्यातून विजेच्या साहाय्याने 1 टन धातू निघतो. एका किलोला सुमारे 14 युनिट वीज लागते. चाक महाग पडते त्याचे हे एक कारण. मात्र जुना धातू वितळवून परत वापरायला याच्या विसाव्या हिश्श्याइतकीच ऊर्जा पुरते, त्यामुळे भंगारातही त्याला मोल येते.

चाक कसे बनते?

नुसते ॲल्युमिनियम मऊ असते. म्हणून त्यात सुमारे 7 टक्के सिलिकॉन व थोडे मॅग्नेशियम मिसळतात. सुमारे 700 अंश सेल्सिअसला वितळलेला हा रस हवेच्या हलक्या दाबाने खालून वर साच्यात चढवतात. वरून ओतला तर त्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि चाक आतून पोकळ राहते. ओतीव चाक नंतर सुमारे 540 अंशांवर काही तास तापवून पाण्यात विझवतात आणि पुन्हा दीडशे अंशांच्या आसपास भाजतात. चाकाची खरी ताकद या भट्टीत येते. मग क्ष-किरणांनी आतले दोष बघतात, लेथवर कातून घेतात, हवा गळते का ते तपासतात आणि रंग देतात. ट्रकची चाके बहुधा ओतीव नसतात. ती तापवलेल्या ठोकळ्यावर हजारो टनांचा दाब देऊन घडवतात. अमेरिकेत अशी घडीव चाके 1948 साली निघाली. मोटारीला ओतीव चाके त्याच्याही आधी, 1924 साली, फ्रान्समध्ये बुगाटीच्या शर्यतीच्या गाडीला लागली होती.

फायदा कोणता?

ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. ताकदीसाठी चाक जाड करावे लागते, म्हणून सगळाच फरक हाती लागत नाही; तरीही चाक हलके होते. स्प्रिंगखालचे वजन घटले की खड्ड्यात टायर जमिनीला धरून राहतो. ब्रेकची उष्णता लवकर निघून जाते. चाक गोल व अचूक असल्याने ट्यूबलेस टायर नीट बसतो. लांब पल्ल्याच्या दहाचाकी ट्रकचे वजन शंभर किलोच्या वर उतरते आणि तेवढा माल जास्त नेता येतो. म्हणून मोटार, मोटरसायकल व डांबरी रस्त्यावरचा ट्रक यांना ही चाके शोभतात आणि परवडतातही.

ट्रॉलीचे गणित

आता ट्रॉलीचे बघू. चार चाकांमागे फार तर चाळीस किलो वाचतील. दहा टन उसात एक टक्का पाचट, वाढे व माती आली तरी शंभर किलो फुकट ओढावे लागते! डिझेल वाचवायचे तर ऊस स्वच्छ तोडावा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवावी आणि मर्यादेबाहेर भरू नये. शिवाय आपली ट्रॉली फडातून, सरी-वरंब्यावरून निघते. पोलादी डिस्क आपटली तर वाकते आणि डोळ्याला दिसते; ओतीव ॲल्युमिनियम चिरते, आणि चीर मातीखाली झाकून जाते. तेव्हा ट्रॉलीला पोलादच ठेवावे.

वेल्डिंग नको

वेल्डिंगच्या आचेने भट्टीत आलेली ताकद त्या जागी निघून जाते. वरून जोड छान दिसला तरी शेजारचा धातू मऊ पडलेला असतो. भर रस्त्यात तो उकलला तर ट्यूबलेस टायरमधली हवा क्षणात जाते आणि गाडी हाताबाहेर जाते. चिरलेले चाक भंगारात द्यावे आणि नवे घ्यावे.

नवे घेताना त्यावरचे मापाचे व भारक्षमतेचे आकडे वाचावेत. ॲल्युमिनियमच्या चाकाला त्याच्याच बैठकीचे नट लागतात, जुने चालतीलच असे नाही. नट पान्यावर पाय देऊन आवळू नयेत. टॉर्क पाना वापरावा व शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासावेत. चिखल, शेण व खताचे पाणी चाकावर वाळू देऊ नये, साध्या पाण्याने धुवावे. ॲसिड लावू नये.

त्या सभासदांच्या मुलाने वेल्डिंगचे चाक काढून नवे बसवले. ट्रॉलीला पोलादी चाकेच आहेत. आपल्या घरच्या गाडीची चाके येत्या रविवारी आतल्या बाजूनेही धुऊन नीट बघावीत, ही विनंती.

— ऊसविकास अधिकारी