तराजू धरलेली देवता

रोमच्या रौप्यमुद्रांवर लिहावे असे संपादकांनी सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात सम्राटांची मुखे असावीत. परंतु माझे चित्त जडले ते नाण्याच्या मागील बाजूवर आणि ती घडविणाऱ्या अनामिक कारागिरावर.

पूर्ववृत्त थोडके आहे. हॅनिबलशी युद्ध चालू असता, इ. स. पूर्व २११ च्या सुमारास, देनारियस हे चांदीचे नाणे प्रचारात आले. टांकसाळ कॅपिटोलाइन टेकडीवर जूनो मोनेटाच्या मंदिरानजीक होती आणि तिचा कारभार तीन तरुण अंमलदार पाहत. कारागीर मात्र ठशावर चित्र आणि अक्षरे उलटी व खोलगट कोरीत बसे. मग एक ठसा ऐरणीत रोवून, दुसरा वर धरून, मधल्या चकतीवर हातोड्याचा घाव पडे. जेमतेम दोन सेंटीमीटरांच्या त्या वर्तुळात, ज्या प्रजेतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती तिला राज्याचा आशय कळवायचा, म्हणून समृद्धीला फळांनी भरलेले शिंग, दैवाला सुकाणू, न्याय्य मापाला तराजू, अशी संज्ञांची एक भाषाच सिद्ध झाली. तिचे सामर्थ्य ब्रूटसच्या नाण्यावर पाहावे: दोन खंजीर, त्यांच्यामध्ये बंधमुक्त गुलामाची टोपी, आणि खाली सीझरवधाची तिथी. एवढ्यात आरोप, समर्थन आणि जाहीरनामा सारे आले. आणि दुसऱ्या बाजूस, सीझरने दोनच वर्षांपूर्वी पाडलेला पायंडा गिरवीत, ब्रूटसचे स्वतःचे मुख.

पुढे मात्र चित्रे तीच राहिली आणि चांदी आटत गेली. इ. स. ६४ मध्ये नीरोने वजन व कस दोन्ही उतरविले. सेव्हेरसने सैनिकांचे वेतन वाढविले, तेव्हा कस निम्म्यावर आला. आणि गॅलिएनसच्या अमदानीअखेर नाण्यात चांदी उरली ती शेकडा चार-पाच, वर पातळ मुलामा. तरीही त्या हिणकस चकतीच्या पाठीवर समतेची देवता तराजू तोलीत उभीच होती. मला सर्वांत व्यथित करते ते हेच, की कारागिराचा हात अखेरपर्यंत राबला, पण ज्या मापाची ग्वाही तो कोरीत होता ते माप खजिन्यानेच मोडले होते.

प्रतीकाला पत धातूची असते, प्रतीकाने धातूला पत येत नाही. इ. स. २९४ च्या सुमारास डायोक्लेशनने चांगल्या चांदीचे नवे नाणे काढले, त्याचे वजन रोमन रत्तलाच्या ९६ व्या हिश्श्याचे, म्हणजे नीरोच्या देनारियसइतकेच, ठरविले. आणि त्यांतील काही नाण्यांवर देवतेऐवजी ९६ हा आकडाच ठळकपणे उमटविला.