आवाज मुलाचा, पण फोन कोणाचा?

हाँगकाँगमधलं एक प्रकरण २०२४च्या सुरुवातीला उघड झालं. ‘अरुप’ या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याला गुप्त व्यवहाराचा ईमेल आला, तेव्हा त्याला शंका आली होती. मग व्हिडिओ कॉलवर वित्तप्रमुख आणि ओळखीचे सहकारी दिसले, बोलले, शंका फिटली. पंधरा व्यवहारांत मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. कॉलवरचे बाकीचे सगळे चेहरे डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेली नक्कल होते.

म्हणून चेहरा आणि आवाज हा पुरावा मानूच नका. नक्कल करायला काही सेकंदांचा आवाज पुरतो, आणि तो आपल्याच रीलमध्ये मिळतो. “आई, अपघात झालाय, लगेच पैसे पाठव,” असा फोन आला तर तो कापा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा. “फोन ठेवू नकोस” अशी गयावया सुरू झाली, की समजा काहीतरी काळंबेरं आहे. घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा, आजी-आजोबांच्याही लक्षात राहील असा. तो व्हॉट्सॲपवर मात्र लिहू नका.

पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोचली, तर ती गोठवता येते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी असू द्या.