धबधब्याचे पाणी पाहा, मग शेताचे पाहा



बेंदूर झाला, भाताची रोपलागण उरकली, भांगलणीला अजून चार दिवस अवकाश आहे. अशा वेळी घरातली मुले धबधबा बघायला चला म्हणून मागे लागतात. त्यांना जरूर न्या. कोल्हापूरहून गगनबावडा सुमारे ५५ किलोमीटर. तिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक करूळ घाटाने वैभववाडीला उतरतो, दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या बाजूला. पावसाळ्यात दोन्ही घाटांत रस्त्याच्या कडेलाच लहान लहान धबधबे कोसळत असतात. हौसेने जा, मात्र एक स्वच्छ, पांढरी बाटली बरोबर ठेवा. तिचा उपयोग पुढे सांगतो.

आधी हे पाणी कुठले ते मुलांना समजावून द्या. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. म्हणून गगनबावड्याला वर्षाकाठी सरासरी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर याच जिल्ह्यात पूर्वेला शिरोळकडे तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४००० लिटर पाणी. या हिशेबाने गगनबावड्याच्या एका एकरावर वर्षाला दोन कोटी लिटर पाणी पडते! एवढ्या माऱ्याखाली उतारावरची माती टिकते तरी कशी?

ती टिकते रानामुळे. जांभूळ, अंजनी, हिरडा अशा झाडांची पाने थेंबाचा मार आधी आपल्या अंगावर घेतात. खाली पाचोळ्याची गादी असते, ती पाणी शोषते. मुळांच्या वाटेने पाणी जमिनीत मुरते, सच्छिद्र जांभ्यातून पाझरते आणि खालच्या कातळावर झरा होऊन बाहेर येते. म्हणून दाट रानातला धबधबा पाऊस उघडल्यावरही वाहत राहतो आणि त्याचे पाणी बरेचसे नितळ असते. जिथे वरचा उतार उघडा पडला आहे, तिथले पाणी तांबडे येते आणि पाऊस थांबला की लवकर आटते.

आता बाटलीचे काम. रानातल्या धबधब्याचे पाणी कडेला, सुरक्षित जागी उभे राहून भरून आणा. घरी आल्यावर जोराच्या पावसात आपल्या शेतातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची दुसरी, तेवढीच बाटली भरा. दोन्ही रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी बसलेला गाळ शेजारी शेजारी पाहा. दुसऱ्या बाटलीतला गाळ म्हणजे तुमच्या रानाची वरची कसदार माती. त्यात तुम्ही घातलेले शेणखतही आहे आणि पैसे मोजून आणलेले रासायनिक खतही. गगनबावड्याच्या पूर्व उतारावरचा असाच गाळ कुंभीतून पंचगंगेत आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेत जातो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांसारखा पाऊस एकटे जंगल थोपवू शकत नाही, हे खरे. पण माती धरून ठेवणे झाडाझुडपांच्या हातात आहे, तसे ते आपल्याही हातात आहे.

रानात पाचोळा जे काम करतो, तेच काम उसाच्या शेतात पाचट करते. ते जाळू नका, खोडव्यात सरीमध्ये पसरून कुजू द्या. उतारावरची नांगरट आणि पेरणी आडवी करा. नाचणीच्या वरकस जमिनीत बांध फुटला असेल तर याच उघडिपीत घाला आणि त्यावर वाळा लावा. वाळ्याची मुळे खोल जातात आणि बांध धरून ठेवतात.

जाताना काही गोष्टी सांभाळा. दरड कोसळून घाट बंद होतो, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. वळणावर गाडी थांबवू नका. धारेखाली उभे राहू नका. पाण्याबरोबर दगडही येतात. पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज वाढला, तर मुलांना घेऊन ताबडतोब बाजूला व्हा.

शेताच्या बाटलीवर तारीख घालून ती फळीवर ठेवा. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी, तशाच पावसात पुन्हा पाणी भरा आणि दोन्ही वर्षांचा गाळ ताडून पाहा. बांध आणि पाचट यांनी किती माती राखली, हे घरातले लहान मूलसुद्धा सांगेल.