नव्या मॉडेलच्या आत नवं काय आहे?

दरवर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या लास वेगासमध्ये सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन भरतं आणि इंटेल, एएमडी, एनव्हिडिया या कंपन्या तिथे आपल्या नव्या चिप्स जाहीर करतात. त्या चिप्स बसवलेले लॅपटॉप उन्हाळा सरेपर्यंत नांदेडच्या वजिराबादेत आणि लातुरात गंजगोलाईच्या आसपासच्या दुकानांत मांडले जातात. सीईटीचे निकाल आणि कॅप राउंडची धावपळही याच दिवसांत असते. नंबर विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत लागो की पुण्यातल्या एखाद्या कॉलेजात, घरातला पहिला लॅपटॉप बहुधा याच काळात घेतला जातो. शेतकऱ्याच्या घरात पैसा मात्र सोयाबीन निघाल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. त्यामुळे जुलैतली ही खरेदी हप्त्यांवर नाहीतर उसनवारीवर होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला होता. त्या भावाने साठ हजारांचा लॅपटॉप म्हणजे सव्वाअकरा क्विंटल सोयाबीन, आणि बाजारात भाव हमीभावाच्याही खाली जातो हे मराठवाड्याने पुरेपूर अनुभवलं आहे. एवढी रक्कम घालताना ‘यंदाचं मॉडेल आहे’ या एका वाक्यावर निर्णय होऊ नये. मॉडेल यंदाचं की गेल्या वर्षीचं, हे नंतर पाहावं. खरेदीनंतर जे भाग बदलता येणार नाहीत ते आधी पाहावेत आणि पैसा तिथे घालावा. तसा हिशेब केला तर बहुतेक विद्यार्थ्यांसाठी १६ जीबी रॅम आणि चांगला स्क्रीन असलेलं गेल्या वर्षीचं मॉडेल ८ जीबीच्या नव्याकोऱ्या मॉडेलपेक्षा सरस ठरतं.

याचा पहिला पुरावा चिपच्या नावातच सापडतो. इंटेलची कोअर आय५-१२३५यू ही चिप २०२२ ची. तिच्यात दहा कोअर आहेत, दोन मोठे आणि आठ लहान. २०२३ मध्ये आय५-१३३५यू आली, तिच्यातही दोन मोठे आणि आठ लहान. २०२४ मध्ये कंपनीने नावातला ‘आय’ काढून टाकला आणि कोअर ५ १२०यू बाजारात आणली. तिची मांडणीही तीच. कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झवरून ४.६ वर आणि तिथून ५ वर गेला, पण असा वेग मशीन क्षणभरच गाठते. ब्राउझर, वर्ड, ऑनलाइन लेक्चर, थोडं कोडिंग एवढंच काम असलेल्या विद्यार्थ्याला या तीन पिढ्यांतला फरक जाणवण्याची शक्यता फार कमी. दुकानात मात्र त्या तीन वेगळ्या वर्षांच्या आणि तीन वेगळ्या किमतींच्या वस्तू म्हणून विकल्या जातात.

एएमडीकडे गोंधळ याहून मोठा आहे. २०२३ च्या मालिकेपासून कंपनीने चार आकडी क्रमांकाची नवी पद्धत आणली. त्या पद्धतीत पहिला आकडा मॉडेलचं वर्ष सांगतो, तर आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते तिसरा आकडा सांगतो. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू ही तीन नावं एकाखाली एक लिहून पाहा. तिन्ही ‘रायझन ५’, तिन्ही सात हजारांच्या मालिकेतल्या. पण ७५२०यू मध्ये चार कोअर आहेत आणि तिची झेन २ ही रचना मुळात २०१९ ची. ७५३०यू मध्ये सहा कोअर आणि २०२० ची झेन ३, तर ७५४०यू मध्ये सहा कोअर आणि २०२२ ची झेन ४. तिसऱ्या जागेवरचा २, ३ की ४ एवढाच फरक डोळ्यांना दिसतो आणि लॅपटॉपच्या अंगावरच्या स्टिकरवर बहुधा फक्त ‘रायझन ५’ छापलेलं असतं. पूर्ण क्रमांक खोक्यावरच्या लेबलवर किंवा विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ या पानावर मिळतो. तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या रचनेला नव्या वर्षाचं नाव देणं कायद्यात बसत असेल, पण पहिल्यांदाच लॅपटॉप घेणाऱ्या कुटुंबाच्या अज्ञानाचा त्यात फायदा घेतला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता न बदलता येणाऱ्या भागांकडे येऊ. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप लॅपटॉपच्या मदरबोर्डवर कायमच्या बसवलेल्या असतात. स्क्रीन बदलता येतो, पण तो खर्च कुणी हौसेने करत नाही. एसएसडी बहुतेक मशीनमध्ये सुटी असते. ५१२ जीबीची काढून १ टीबीची बसवणं हे गावातल्या दुरुस्तीवाल्याचंही नेहमीचं काम आहे. रॅमची गोष्ट मात्र मॉडेलनुसार बदलते आणि फसगत इथेच होते. काही मशीनमध्ये दोन स्लॉट असतात, काहींत निम्मी रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा, तर काहींत सगळीच सोल्डर केलेली. वर आलेली ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ जातीची रॅम घेते आणि ती बोर्डावरच पक्की असते. म्हणजे ८ जीबीचं मशीन घेतलं तर ते मोडीत निघेपर्यंत ८ जीबीचंच राहणार. त्या आठांतलाही काही भाग ग्राफिक्ससाठी आधीच बाजूला काढला जातो, विंडोज ११ आपला वाटा घेतं आणि ब्राउझरच्या दहा-बारा टॅब उघडल्या की मशीन एसएसडीवर अदलाबदल करत रांगू लागतं. लोक दोष प्रोसेसरला देतात, पण कमतरता रॅमची असते.

हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘मेमरी’वर क्लिक करायचं. खाली ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘एसओडीआयएमएम’ लिहिलेलं असेल तर रॅमची पट्टी सुटी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलेलं असेल तर ती बोर्डावर सोल्डर केलेली आहे. त्याच्याच जवळ ‘स्लॉट्स यूज्ड’ ही ओळ दिसते. डेमोचं मशीन आणि आपल्याला मिळणारं बॉक्सपॅक एकाच पूर्ण मॉडेल क्रमांकाचं आहे ना, हेही पाहावं, कारण एकाच नावाखाली कंपन्या दहा-दहा कॉन्फिगरेशन विकतात. स्क्रीनसाठी तपशिलाच्या कागदावर दोन आकडे शोधावेत. ‘४५ टक्के एनटीएससी’ म्हणजे रंग फिके, ‘१०० टक्के एसआरजीबी’ म्हणजे रंग भरपूर आणि खरे. उजेड निट्समध्ये मोजतात. २५० निट्सचा स्क्रीन बंद खोलीत चालतो, पण खिडकीशी किंवा ओसरीत बसून वाचायचं तर ३०० च्या वरचा बरा. चार-पाच वर्षं रोज सहा-सहा तास ज्याच्याकडे बघायचं, त्या भागाची चौकशी आपल्याकडे सर्वांत शेवटी होते, हे मला खटकतं.

किती ताकदीचं मशीन हवं हे शाखेवर ठरतं. सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि त्यासाठी १६ जीबी हवेतच, त्यामुळे मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने मॅकबुकच्या वाटेला जाऊ नये. अँड्रॉइड स्टुडिओ नुसता उघडायला गुगल किमान ८ जीबी सांगतं, पण त्यातला इम्युलेटर चालवायचा तर १६. कॉम्प्युटर शाखेच्या मुलांना आज वाटतं की मशीन लर्निंग शिकायचं तर ग्राफिक्स कार्डवाला महागडा गेमिंग लॅपटॉप लागतोच. पण अभ्यासक्रमातले प्रयोग करण्यापुरती गरज गुगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर भागते. तिथे १६ जीबी मेमरी असलेलं टी४ कार्ड मर्यादित वेळेसाठी विनामूल्य मिळतं, तर आरटीएक्स ४०५० च्या लॅपटॉपमध्ये ६ जीबीच असतात. त्यात ४०५० हे नावही पुरेसं नाही. एनव्हिडिया हेच कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत चालवायची मुभा देते आणि कोणत्या कंपनीने किती वॅट दिलेत यावर त्याची खरी ताकद ठरते. आपले सरकार केंद्र चालवणाऱ्याला किंवा मराठी डीटीपी करणाऱ्याला तर ग्राफिक्स कार्डाची गरजच नाही. त्याला यूएसबीची पुरेशी पोर्ट लागतात, कारण बोटांच्या ठशाचं यंत्र, प्रिंटर आणि माऊस हे सगळं एकाच वेळी जोडलेलं असतं. नव्या सडपातळ मॉडेलांत नेमकी तीच पोर्ट कमी होत चालली आहेत.

यावर एक आक्षेप गंभीर आहे: जुनी चिप घेतली तर ती लवकर कालबाह्य होणार नाही का? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतची जवळजवळ सगळी मशीन विंडोज ११ च्या यादीबाहेर राहिली, हे खरं आहे. पण ही रेषा कुठे ओढली गेली ते पाहावं. विंडोज ११ आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि त्याने २०१७ ची आठवी पिढी आत घेतली. ती मशीनं आजही नियमाने अपडेट होतात. त्या मानाने २०२२ किंवा २०२३ ची चिप पदवीच्या चार वर्षांत बाद होण्याची भीती फार नाही. ८ जीबीची सोल्डर केलेली रॅम मात्र दुसऱ्याच वर्षी अडवते.

दुसरा आक्षेप एआयचा. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये कोपायलट प्लस पीसी हा वर्ग जाहीर केला आणि त्यासाठी सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू (एआयच्या कामांसाठीचा वेगळा प्रोसेसर), १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण अशा अटी घातल्या. या एनपीयूवर चालणाऱ्या सोयी अजून मोजक्या आहेत. चॅटजीपीटी किंवा जेमिनाय वापरायला तो लागत नाही, ते काम दूरच्या सर्व्हरवर होतं. त्या अटींमधली खरी कामाची अट रॅमची. जी कंपनी एआयचं भविष्य विकते तिनेच किमान १६ जीबी ठरवलेत. ॲपलनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची मूळ मेमरी किंमत न वाढवता ८ वरून १६ जीबी केली. नवं मॉडेल घेण्यात अर्थ असतो तो अशा बदलासाठी. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत रॅम चिपच्याच पॅकेजमध्ये असते, ती नंतर वाढवता येत नाही. पण ती १६ किंवा ३२ जीबीच येते आणि बॅटरी खूप टिकते. दिवसभर भारनियमन असलेल्या गावात राहणाऱ्याला त्यासाठी जास्त पैसे मोजणं पटू शकतं.

‘आत्ता आठ घेऊ, पुढच्या वर्षी रॅम टाकू’ हा सल्ला स्लॉट मोकळा असेल तरच ऐकण्याजोगा आहे, आणि आता तोही जपून ऐकावा. २०२५ च्या अखेरीस एआयच्या सर्व्हरसाठी मेमरी चिप्सची मागणी एवढी वाढली की रॅमचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रूशियल या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम विकण्याचा आपला धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅम पुढे स्वस्तच होत जाते हा जुना अनुभव आता गृहीत धरता येत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार तर कोणतीच जाहिरात करत नाही. बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेला असल्याचं लिहितात. नांदेड-लातुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर जातो. चिप तापली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. नावाच्या शेवटी ‘यू’ असलेल्या इंटेलच्या चिपला साधारण १५ वॅटचा पाया असतो, ‘एच’ असलेलीला ४५. एच चिप सडपातळ सांगाड्यात एका लहान पंख्यावर चालवली की ऐन दुपारी तिची कागदावरची ताकद हाती लागत नाही. ज्यांना जड सॉफ्टवेअर चालवायचं नाही त्यांनी यू घ्यावी. ज्यांना चालवायचं आहे त्यांनी थोडं वजन सोसून दोन पंख्यांचं, जाड बांध्याचं मशीन घ्यावं. उष्णतेने बॅटरीही लवकर थकते. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आता बऱ्याच कंपन्या देतात, ती पहिल्याच दिवशी चालू करावी.

गेल्या वर्षीचं मॉडेल घेताना एक धोका खरा आहे: खोकं दुकानात किती महिने पडून होतं ते कळत नाही. काही वेळा कंपनीच्या नोंदीत वॉरंटी माल कारखान्यातून निघाल्यापासून मोजलेली असते. म्हणून पैसे देण्याआधी खोक्यावरचा सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची अखेरची तारीख पाहावी. ती कमी दिसली तर पक्कं जीएसटी बिल दाखवून दुरुस्त करून घेता येते. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवायला बिनबिलाचा माल घेतला की हा आधारच जातो. ‘ऑनसाइट वॉरंटी’ लिहिलेली असली तरी ती सगळीकडे सारखी लागू नसते. कंपनीच्या हेल्पलाइनला आपला पिनकोड सांगून विचारावं. नांदेड शहराचा ४३१६०१, लातूरचा ४१३५१२, पण मशीन मुखेड किंवा औशाच्या एखाद्या खेड्यात राहणार असेल तर त्या खेड्याचाच सांगावा. तंत्रज्ञ घरी येणार की मशीन घेऊन आपल्यालाच छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला जावं लागणार, हे तिथेच कळतं. दोन मॉडेलांत बाकी सगळं सारखं असेल, तर ज्याचा तंत्रज्ञ आपल्या पिनकोडवर येतो ते घ्यावं.