झिलईच्या कृतीतलं बोरॉन मिळालं नाही, तर?

मातीकाम करणाऱ्या गटांचा एक प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. प्रशिक्षणात झिलईची, म्हणजे ग्लेझची कृती लिहून मिळते. तिच्यात ‘कोलेमनाइट’ किंवा ‘गर्स्टली बोरेट’ असं नाव असतं आणि ते तालुक्याला सोडाच, शहरातल्या दुकानातही मिळेलच असं नाही. मग त्याच्या जागी काय घालायचं? आज त्याबद्दल बोलू.

आधी ही नावं कुठली ते बघू. दोन्ही जमिनीतून निघणारे बोरॉनचे दगड आहेत. गर्स्टली बोरेट अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका खाणीतून यायचं. ती खाण २००० साली बंद झाली. कोलेमनाइट मुख्यतः तुर्कस्तानातून येतं. पुस्तकं तिकडची, म्हणून कृतींतली नावंही तिकडची. आपल्या ओळखीचं बोरॉन म्हणजे टाकणखार. कुणी त्याला सवागी म्हणतं. सोनार डाग देताना वापरतो तोच.

झिलई म्हणजे भांड्यावर वितळून बसलेली काच. काचेचा मुख्य माल गारेची पूड, पण ती एकटी वितळायला १७०० अंशांच्या वर उष्णता लागते. आपली लाल मातीची भांडी १००० ते ११०० अंशांवर भाजतात. म्हणून गारेला लवकर वितळवणारं काहीतरी सोबत लागतं. ते काम बोरॉन करतं. शिवाय बोरॉन असलं की झिलईला बारीक तडे कमी जातात.

मिळत नाही म्हणून बोरॉन नुसतं वगळलं तर झिलई कोरडी, खरखरीत राहते. चुलीतली राखही इथं उपयोगी नाही. राखेची झिलई होते, पण १२०० अंशांच्या पुढे.

मग टाकणखारच घातला तर? अडचण अशी की तो पाण्यात विरघळतो. बादलीत वर आलेलं पाणी ओतून दिलं की बोरॉनही गेलं. भांडं झिलईत बुडवलं की ते पाणी मातीत शिरतं आणि वाळताना काठावर पांढरा खार फुटतो. शिवाय टाकणखारात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. तव्यावर त्याची लाही फुलते ना, तसाच तो भट्टीत फुगतो आणि झिलईचे पोपडे उचलतो.

यावर चांगला उपाय म्हणजे फ्रिट. टाकणखार किंवा बोरिक ॲसिड, गार आणि चुना एकत्र वितळवतात, तो रस पाण्यात ओततात आणि तयार झालेली काच दळतात. ती पूड म्हणजे फ्रिट. बोरॉन काचेत अडकलेलं असल्यामुळे ते पाण्यात जात नाही. फ्रिट आपल्याच देशात, गुजरातेत तयार होतं आणि सिरॅमिकच्या दुकानांत मिळतं.

मात्र वजनाला वजन घालून चालत नाही. चिंच नसली तर आपण आमटीत आमसूल घालतो, पण चिंचेइतकंच घालत नाही, आंबटपणा बघून घालतो. आमसूल मिठातलं असेल तर मीठही कमी करतो. इथंही तोच हिशोब.

एक किलो कोरड्या मालाच्या कृतीत २०० ग्रॅम कोलेमनाइट आहे असं धरा. कोलेमनाइटमध्ये बोरॉन ऑक्साइड साधारण निम्मं, म्हणजे आपल्याला १०० ग्रॅम बोरॉन ऑक्साइड हवं. दुकानदाराच्या तक्त्यात फ्रिटमध्ये ते २३ टक्के लिहिलं असेल, तर १०० ला २३ ने भागून १०० ने गुणायचं. उत्तर ४३५ ग्रॅम. एवढं फ्रिट लागेल.

आता मिठाचा हिशोब. अशा फ्रिटमध्ये गार सुमारे ४६ टक्के असते, म्हणजे २०० ग्रॅम गार फ्रिटबरोबरच आली. कृतीतल्या गारेच्या पुडीतून तेवढी कमी करा. चुनाही जास्त आला, म्हणून खडूची पूड, म्हणजे व्हायटिंग, ६० ग्रॅमने कमी करा. फ्रिटमध्ये सोडा असतो. त्यानं झिलई पातळ होऊन ओघळते आणि तडे वाढतात. म्हणून फेल्डस्पार थोडा कमी करून चायना क्ले थोडी वाढवा. चायना क्लेमुळे फ्रिट बादलीच्या तळाशी घट्टही बसत नाही. कृतीत कोलेमनाइटऐवजी गर्स्टली बोरेट असेल, तर त्यात बोरॉन ऑक्साइड साधारण पाव भागाहून थोडं जास्त असतं. हिशोब तसाच करा.

हे आकडे सुरुवातीपुरते समजा. आधी १०० ग्रॅमचीच झिलई करा. मातीच्या चार-पाच पट्ट्यांवर लावा आणि पट्ट्या उभ्या ठेवून भाजा. ओघळली तर फ्रिट कमी, खरखरीत राहिली तर थोडं जास्त. प्रत्येक पट्टीवर नंबर घाला आणि वहीत मापं लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोरॉन मिळालं नाही की कुणीतरी सुचवतं, ‘शेंदूर घाला, मुरदाडशिंग घाला, छान चकाकी येते.’ चकाकी येते हे खरं आहे. पण दोन्हीत शिसं असतं. शिशाच्या झिलईच्या बरणीत लोणचं भरलं, भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं, की आंबट पदार्थ शिसं ओढून घेतो. ते पोटात जातं आणि हाडांत साठतं. लहान मुलांच्या मेंदूवर आणि पोटातल्या बाळावर त्याचा परिणाम होतो. शिशाचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय बरणी विकत घेणाऱ्या बाईला आत काय आहे ते दिसत नाही. ती आपल्या शब्दावर विश्वास ठेवते.

फ्रिट घेतानाही हेच लक्षात ठेवा. काही फ्रिटमध्ये शिसं असतं. ‘यात शिसं नाही ना?’ असं विचारा आणि घटकांचा छापील तक्ता मागा. तक्ता नसेल तर ते पोतं घेऊ नका. फुटक्या बांगड्यांची किंवा रंगीत काचेची पूडही नको, तिच्यात काय आहे ते कळत नाही. लिंबाची फोड रात्रभर झिलईवर ठेवून सकाळी रंग उडाला का बघा. उडाला असेल तर ते भांडं खाण्यापिण्याचं नाही. रंग टिकला म्हणजे शिसं नाही असं मात्र समजू नका, ते प्रयोगशाळेतच कळतं. केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेची केंद्रं खुर्जा आणि नरोडा इथं आहेत. गटाच्या नावानं तिथं विचारणा करता येईल.

जाता जाता हातांची काळजी. गारेची धूळ फुप्फुसात बसते. माल मोजताना नाकाला मास्क लावा, झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा. टाकणखार आणि बोरिक ॲसिड उघड्या हातानं कालवू नका. गरोदर मैत्रिणीला या कामावर बसवू नका. तिला चाक द्या, नक्षी द्या, हिशोबाची वही द्या.